चौदा नंबरच्या बाटलीपासून

खडवली
९ ऑगस्ट २०२४

क्षिप्रा,

बाटली नंबर बारा भाजीवाल्या पोपटबरोबर पाठवतोय. त्याच्या अळूच्या जुड्यांमध्ये उभी खोचून दिली आहे. आडवी झालेली असली तर त्याला बोल, मला नको.

आत एकवीस वामी आहेत. मोजल्या तेव्हा बावीस होत्या. एक बादलीच्या ओल्या भिंतीवरून सरसर चढली आणि गेली. करंगळीएवढं पोर, अजून काचेसारखं आरपार दिसणारं, आणि उभी भिंत चढतं. मला घराच्या तीन पायऱ्या चढताना गुडघा धरावा लागतो. आमची गोदू म्हणाली, जाऊ द्या तिला, सुटली बिचारी. बाकीच्या एकवीस जणींना लवंगतेलाच्या पाण्यात निजवलं आणि मग फॉर्मलिनमध्ये घातलं.

गवताच्या पेंढ्या तू सांगितलंस तशाच लावतो. संध्याकाळी बंधाऱ्याच्या पायथ्याशी दगडाखाली दाबायच्या, रात्री वामी त्यांत शिरतात, उजाडताना उचलून बादलीत झटकायच्या. पोपट म्हणतो, मामा, फोटो काढून व्हॉट्सॲप करा, एवढं लिहीत कशाला बसता. त्याला काय सांगू? फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि त्या पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी. शिवाय ठाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं मी एक नियम पाळला, चिठ्ठीशिवाय बाटली दाराबाहेर जाणार नाही. तू विद्यार्थिनी होतीस तेव्हा या नियमापायी तुला दोनदा जिन्यावरून परत बोलावलंय. आता तू डॉक्टर व्हायला निघालीस म्हणून नियम बदलत नाही.

कागदावर डाग आहे तो तंबाखूचा. दुसरा कागद घ्यायचा कंटाळा आला. हल्ली सगळ्याचाच येतो. पण पाण्यात वामी आहेत तोवर बंधाऱ्यावर जाईन, ती काळजी करू नकोस.

फॉर्मलिन संपत आलंय. नवीन कॅन पाठव.

विश्राममामा


डोंबिवली पूर्व
१२ ऑगस्ट २०२४

मामा,

बारा नंबर उभीच पोचली. एकवीस बरोबर. फॉर्मलिनचा कॅन पोपटदादांकडे दिलाय, त्यांनी तो कोथिंबिरीपासून लांब ठेवावा अशी तुम्हीच ताकीद द्या, माझं ऐकत नाहीत.

गोदूमावशींनी मागे विचारलेलं, ही पोरगी एवढ्या बाटल्यांचं करते काय. त्यांना वाचून दाखवा. मावशी, या वामी समुद्रात जन्मतात आणि नदीत वाढायला येतात. खाडीतून वर चढत चढत तुमच्या बंधाऱ्यापर्यंत पोचतात तेव्हा त्यांचं हाड अजून पुरतं हाड झालेलं नसतं, कुर्चा असते, आपल्या कानाच्या वरच्या कडेसारखी. मी त्यांना दोन रंगांत बुडवते. कुर्चा निळी होते, हाड लाल होतं, मांस पारदर्शक होऊन जातं. मग भिंगाखाली मोजायचं, एकशे नऊ मणक्यांपैकी किती लाल झाले. एवढंच. पाच वर्षं मी एवढंच करतेय. बंधारा चढायच्या आधी पाठीचा कणा किती पक्का व्हावा लागतो, हा माझा प्रश्न. आई म्हणते, तुझा कणा बघ आधी.

आईचा डावा हात अजून उचलत नाही. पॅरालिसिसला वर्ष होईल दिवाळीला. सकाळी तिचं सगळं आवरून, कामाच्या मावशी आल्या की मी ठाण्याला लॅबमध्ये, चारला परत. तुम्ही नसतात तर खडवलीच्या बाटल्या केव्हाच बंद पडल्या असत्या. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली, ३१ जानेवारी. त्यानंतर प्रबंध घेणार नाहीत, नोंदणीच रद्द. नीरजा मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडने, तीनदा माझ्यासाठी शब्द टाकलाय, आता त्याही दमल्यात.

आता भांडण. तुमच्या चिठ्ठीवर तंबाखूचा डाग, कॅनवर चुन्याचं बोट, बाटलीवर चुन्याचं बोट, झाकण उघडलं तर आतल्या बाजूलाही चुन्याचं बोट! आणि जूनमध्ये घरी आलेलात तेव्हा मी बघितलं. वडा तोंडात जात नव्हता, चिमटीने तुकडे करून खात होतात. दोन बोटं मावत नाहीत तुमच्या तोंडात. मी हाडं बघणारी बाई आहे, जबडा कुठे अडकतो ते मला दिसतं.

सोडा तंबाखू. ठाण्याला जाऊन डॉक्टरला तोंड दाखवा.

क्षिप्रा


खडवली
२० ऑगस्ट २०२४

क्षिप्रा,

बाटली नंबर तेरा. वामी सोळा. पाणी फार होतं, दोन पेंढ्या वाहून गेल्या.

तुझं पत्र गोदूला वाचून दाखवलं. कुर्चाबिर्चा तिला समजलं नाही. तंबाखूचं लगेच समजलं. दोन दिवस तेच ऐकतोय. आमच्या घरात आग लावून तू तिकडे डोंबिवलीत निवांत.

हे बघ पोरी. सोळाव्या वर्षी कॉलेजात शिपाई म्हणून लागलो तेव्हापासून डबी खिशात आहे. एका बाजूला तंबाखू, एका बाजूला चुना. साहेब बदलले, प्राचार्य बदलले, बेडकं कापायची बंद झाली, डबी तीच आहे. वडा मोठा होता. तुमच्या डोंबिवलीत वडे मोठे करतात.

आईला सांग, हात रोज कोमट पाण्यात धरत जा.

विश्राममामा


डोंबिवली पूर्व
२४ ऑगस्ट २०२४

मामा,

वडा मोठा नव्हता.

मला भांडायला वेळ नाही, म्हणून सरळ सांगते. पुढच्या बाटलीवर चुन्याचं एक बोट जरी दिसलं तरी ती बाटली मी पोपटदादांबरोबर परत पाठवीन. बघणारसुद्धा नाही. माझी पीएचडी बुडाली तर बुडाली, तुमच्या नावाने बुडाली म्हणून सांगेन सगळ्यांना.

आईने हे शेजारी बसून लिहून घेतलंय असं समजा. तिला बोलता येतंय आता बरंच, आणि ती तुमच्यावर रागावलीये.

क्षिप्रा


खडवली
२ सप्टेंबर २०२४

क्षिप्रा,

बाटली नंबर चौदा. वामी तेवीस. भिंगातून बघ, कुठे चुना दिसतोय का.

सोडली. डबी गोदूच्या ताब्यात दिली. तिने ती फेकली की पुरली, मी विचारलं नाही, विचारलं तर उकरायला जाईन. आज सहावा दिवस. हात रिकामे वाटतात गं. बंधाऱ्यावर पेंढी झटकली, वामी निजवल्या, बाटलीत घातल्या, आणि मग दगडावर बसून उजवं बोट डाव्या तळहातावर नुसतंच घासत राहिलो. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्याला वेड लागलं.

चिडचिड होते. काल पोपटवर उगाच ओरडलो. जेवणाला चव नाही, झोपेला चव नाही. तुझ्यावरही राग आहे, तो या बाटलीबरोबर पाठवला असं समज.

विश्राम


डोंबिवली पूर्व
५ सप्टेंबर २०२४

मामा,

बाटली स्वच्छ! झाकणाच्या आतही स्वच्छ! मी भिंगाने बघितलं, खोटं नाही. आईने टाळी वाजवली, एका हाताने मांडीवर.

राग पोचला. ठेवून घेतलाय. तोंड दाखवायला मात्र जा.

क्षिप्रा


खडवली
३० सप्टेंबर २०२४

क्षिप्रा,

बाटली अठरा आणि एकोणीस एकत्र. वामी चौदा आणि अकरा. आता कमी झाल्या, या वर्षीच्या संपल्याच म्हण.

मी आणि गोदू थोडे दिवस ठाण्याला तिच्या भाच्याकडे जातोय. दात दाखवायचेत. चिठ्ठी आली नाही तर काळजी करू नकोस.

विश्राम


डोंबिवली पूर्व
९ नोव्हेंबर २०२४

मामा,

दिवाळीत तुमचा काही निरोप नाही. पोपटदादा म्हणाले, दातांचं काम लांबलंय, आता घरी आलेत. बरे आहात ना? कवळी बसवली असेल तर फोटो पाठवायला सांगा त्यांना, मी हसणार नाही.

मी आज तीन वर्षांत पहिल्यांदा घाईने लिहितेय. ऐका.

या वर्षीच्या सगळ्या बाटल्या रंगवून झाल्या. गेल्या दोन वर्षांच्या वामी आणि या वर्षीच्या तेरा नंबरपर्यंतच्या वामी सारख्याच. बंधाऱ्यापाशी पोचेपर्यंत सत्तर, पंचाहत्तर मणके लाल. पण चौदा नंबरपासून पुढे बघितलं आणि मी स्टूलवरून उठून उभीच राहिले. जबडा फिकट गुलाबी, मानेचे दहा-बारा मणके जेमतेम, आणि पुढे काही नाही. हाडच नाही, मामा. लांबी तीच, वजन तेच, हाड नाही. चौदा ते एकोणीस, सहा बाटल्या, एकूण एकशे बारा वामी. सगळ्या तशाच.

मी आधी माझ्याच हातावर संशय घेतला. नऊ नंबरच्या चार आणि चौदा नंबरच्या चार एकाच दिवशी, एकाच रंगात, शेजारी शेजारी रंगवल्या. नऊ लालभडक, चौदा कोरी. म्हणजे रंग बरोबर आहे. मग नदीतच काहीतरी झालंय. ऑगस्टच्या शेवटी पाण्यात असं काय आलं की पोरांची हाडं भरेनाशी झाली?

नीरजा मॅडम गेली दोन वर्षं माझ्याकडे बघून फक्त उसासे टाकायच्या. परवा त्यांनी मला चहा दिला, स्वतः ओतून. म्हणाल्या, क्षिप्रा, याच्यावर प्रबंध उभा राहतो, आणि चांगल्या जर्नलमध्ये पेपरही. आतापर्यंत माझ्याकडे फक्त मोजणी होती. आता सांगण्यासारखं काहीतरी आहे.

म्हणून विचारते. तेव्हा नदीत काही वेगळं दिसलेलं? रंग, वास, मेलेले मासे? तुम्ही रोज होतात तिथे. काय बदललं, आठवून लिहा.

क्षिप्रा


खडवली
१६ नोव्हेंबर २०२४

क्षिप्रा,

पत्र पोचलं.

पाणी नेहमीसारखंच होतं. मेलेला मासा मी पाहिला नाही. वास नव्हता.

नक्की चौदापासून ना? तेरा नंबर चांगली आहे? एकदा बघून कळव. घाईने काही लिहून देऊ नकोस.

तब्येत ठीक आहे. गोदू नमस्कार सांगते.

विश्राम


डोंबिवली पूर्व
२२ नोव्हेंबर २०२४

मामा,

नक्की चौदा. तेरा तीनदा बघितली.

तुमचं पत्र एवढंसं. नेहमी मला शिव्या तरी घालता. बरं नाही का?

प्रकरण लिहून झालं. चार दिवसांत चाळीस पानं. आई झोपली की बसायचं, मावशी आल्या की निघायचं. डोळ्यांखाली काळं झालंय, पोळ्या करपतात, पण लिहितेय. २० डिसेंबरला ठाण्याला सादरीकरण, कमिटीपुढे. ते झालं की बांधणी, आणि मग जमा. मामा, मी इतकी थकलेय की आनंद झालाय हे मला दोन दिवसांनी कळलं.

आभारात तुमचं नाव पहिलं टाकलंय, मॅडमच्याही आधी. मॅडमनी भुवई उंचावली, तरी ठेवलंय. पद्धतीच्या प्रकरणात लिहिलंय, 'सर्व नमुने बफर केलेल्या फॉर्मलिनमध्ये श्री. विश्राम शेलार यांनी जतन केले.' तुमच्या लॅबची शिस्त माहितीये, म्हणून विचारलंसुद्धा नाही.

क्षिप्रा


खडवली
४ डिसेंबर २०२४

क्षिप्रा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं. बसून वाच.

नदीला काही झालेलं नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं.

फॉर्मलिन नुसतं ठेवलं तर आंबट होत जातं, ॲसिड सुटतं, ते तुला मी काय सांगणार. एवढाली पोरं त्यात महिना-दोन महिने राहिली की हाडातला चुना विरघळून जातो. मग लाल रंग धरणार कशाला? म्हणून बाटलीत काहीतरी घालायचं असतं. तुम्ही लोक त्याला बफर म्हणता, बोरॅक्स मोजून घालता. मी लॅबमध्ये आलो तेव्हा आम्ही खडू टाकायचो. मग नवे खडू आले, त्यांचा उपयोग होईना. मग फरशीवाल्यांकडून संगमरवराच्या कपच्या आणायचो. त्याही मिळेनाशा झाल्या, आणि एक दिवस तंबाखू मळून झाल्यावर बोटाला चुना उरलेला, तो बाटलीत पुसला. काम झालं. लिटमस लावून बघितलं, ठीक होतं. त्यानंतर वीस वर्षं तेच. तंबाखू मळायची, उरलेलं बोट बाटलीच्या तोंडात फिरवायचं, झाकण लावायचं. साहेबांना सांगितलं नाही, कोण ऐकणार होतं. आणि पुढे पुढे मलाही ते वेगळं असं आठवेना. हात करत होता.

तू जे झाकणाच्या आत बघायचीस ते चुन्याचं बोट म्हणजे तुझं बफर होतं.

तंबाखू गेली, डबी गेली, बोट गेलं. चौदा नंबरपासून.

तुझं नोव्हेंबरचं पत्र वाचलं तेव्हाच, 'चौदा' हा आकडा बघितल्याबरोबर, ओळखलं. खात्री करायची म्हणून कपाटातून जुना लिटमस काढला. तुझ्या कॅनमधलं उरलेलं फॉर्मलिन एका बाटलीत पडून होतं. निळा कागद बुडवला तो लालेलाल. हे सोळा नोव्हेंबरच्या आधी केलं. तरी तुला 'पाणी नेहमीसारखं होतं' एवढंच लिहिलं. तेवढं खरं होतं म्हणून तेवढंच लिहिलं. तू किती वर्षांनी खूश झाली होतीस, माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, कदाचित दुसरं काही कारण असेल, कदाचित तिलाच कळेल. लबाडी केली मी. अठरा दिवस केली.

तुझ्याकडच्या चौदा ते एकोणीसच्या बाटल्यांमध्ये कागद बुडवून बघ. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

पद्धतीच्या प्रकरणात माझं नाव आहे ते काढ.

विश्राम शेलार


डोंबिवली पूर्व
८ डिसेंबर २०२४

मामा,

बघितलं. मीटर लावून बघितलं. बारा आणि तेरा ठीक. चौदा ते एकोणीस सगळ्या आंबट. एकशे बारा वामी फुकट मारल्या आपण.

मी काय लिहू? अठरा दिवस तुम्ही गप्प बसलात. त्या अठरा दिवसांत मी चाळीस पानं लिहिली. आईला मी त्या दिवसांत दोनदा औषध द्यायला विसरले. तेहतीस वर्षं चिठ्ठीशिवाय बाटली सोडली नाहीत, आणि बाटलीत काय घालता ते एका चिठ्ठीत लिहावंसं वाटलं नाही? आणि मी तरी काय मूर्ख! बाटली स्वच्छ आली म्हणून टाळ्या पिटल्या. 'विचारलंसुद्धा नाही' हे मी अभिमानाने लिहिलं होतं.

एक सांगते, तुम्हीही बसून वाचा. हे मॅडमना अजून माहीत नाही. कमिटीत कोणी बाटल्यांना लिटमस लावणार नाही. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. काल दिवसभर मी हाच विचार करत होते. नदी तशीही घाण आहेच. पाण्याने हाडं विरघळली म्हटलं तर सगळे मान डोलावतील. ३१ जानेवारीला मी मोकळी. मला नुसतं झोपायचंय, मामा. आठ दिवस, कोणी हाक न मारता.

आणि अजून एक. तुम्ही तंबाखू सोडली नसती तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. एक मिनिटभर नाही, चांगला अर्धा तास. लपवत नाही.

मला काही दिवस पत्र पाठवू नका.

क्षिप्रा


खडवली
१४ डिसेंबर

क्षिप्राताईस,

गोदूबाईचा नमस्कार. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर लागलं तर वाच.

तू पत्र नको बोललीस ते ह्यांना. मी लिवते. ह्यांना माहीत नाय. पोपटला शपथ घातलीय.

तुजं पत्र वाचल्यापासून दोन दिस पेज पण धड पीत नाहीत. दात दाखवाया गेले बोलले ते खोटं. तू तंबाखू सोडवलीस तवा मी रोज बॅटरी घेऊन ह्यांचं तोंड बघायची, चोरून खातात का. तवा आत गालाला पांढरा चट्टा दिसला. एवढे दिवस तंबाखूच्या खाली दिसलाच नाय. मी रडून गोंधळ घातला आणि ठाण्याला नेलं. डॉक्टर बोलला कॅन्सर हाय. नवरात्रात ऑपरेशन केलं. गाल आतून कापला. एक महिना नळीने दूध पाजलं.

डॉक्टरने फोटो लावून दाखवला, बोलला, आजी, हे बघा, हाडाला काय झालेलं नाय. गालातच व्हतं. अजून चार-सहा महिने तंबाखू चालू राहिली असती तर जबडा काढावा लागला असता.

तुला सांगू देत नव्हते. बोलले, तिच्या घरी एक आजारी हाय, तिला दुसरा नको. मग तुजं हाडाचं पत्र आलं तवा तर अजूनच नको बोलले. बोलले, माजं हाड वाचवायला गेली ती पोर आणि तिच्या वामींची हाडं गेली, आता हे सांगितलं तर तिला राग पण धड येणार नाय, तिला रागवू दे.

मला वामीचं काय कळत नाय. तू रागव. पण बोल त्यांच्याशी.

गोदूबाई


डोंबिवली पूर्व
२१ डिसेंबर २०२४

मामा,

गोदूमावशींनी मला लिहिलंय. त्यांना ओरडू नका. पोपटदादांनाही नाही.

मी ते पत्र आईला वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच थांबले. मग आईनेच कागद उजव्या हातात धरला आणि अडखळत पुढचं मला वाचून दाखवलं. आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदा एवढं सलग वाचत होती. आम्ही दोघी खूप रडलो. मावशींना, म्हणजे कामाच्या मावशींना, वाटलं कोणी गेलं.

कालचं सांगते. कमिटीपुढे मी चौदा ते एकोणीसच्या स्लाइड लावल्याच नाहीत. त्यांच्या जागी एकच स्लाइड लावली, सहा बाटल्या आणि त्यांच्याखाली आम्लतेचे आकडे. सांगितलं, हे नमुने बाद, जतन करताना चूक झाली, जबाबदारी माझी. मॅडमना आदल्या दिवशी सांगितलेलं. त्या म्हणाल्या, तू हे मला जानेवारीनंतर सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मी म्हटलं, मला नसतं चाललं. चहा नाही दिला.

राहिलेल्या बाटल्यांवर प्रबंध होईल. बारीक होईल. एका सरांनी तोंडावर सांगितलं, यात मोजणीपलीकडे काय आहे? पण ३१ जानेवारीला जमा करता येईल, तेवढं कमिटीने मान्य केलं. पेपरबिपर विसरायचं. चाळीस पानं काढून टाकली. फाइल उघडली की भोक पडल्यासारखं वाटतं, आणि ते भरायला अंगात त्राण नाही. तरी करीन.

तुमचं नाव काढलेलं नाही. वाक्य बदललंय. 'तेरा क्रमांकापर्यंतचे नमुने श्री. विश्राम शेलार यांनी फॉर्मलिनमध्ये खाण्याचा चुना घालून जतन केले.' पाच वर्षांच्या कामात या एका वाक्यावर मॅडम हसल्या.

तो अर्धा तास माझ्या मनात आलेलं मी लिहिलंय, ते खोडता येत नाही. तुम्ही त्याच वेळी नळीने प्यायलेल्या दुधावर जगून उठला होतात आणि मला लिटमस लावून दाखवत होतात. मला लाज वाटते, मामा. आणि तुमचा रागही येतो अजून. दोन्ही आहे. तुम्ही मला सांगायला हवं होतं. दोन्ही गोष्टी सांगायला हव्या होत्या.

सोबत एक डबी पाठवतेय. स्टेशनजवळच्या दुकानातून घेतली. दोन्ही बाजूंना चुना भरलाय. तंबाखूला जागा ठेवलेली नाही. पुढच्या पावसाळ्यात माझी स्कॉलरशिप नसेल, नोंदणी नसेल, काहीच नसेल. पण त्या वामी बंधाऱ्यावर येतीलच. तब्येत असेल तर एक बाटली भरा, डबी खिशात ठेवून. नुसतं बघायचंय, सप्टेंबरच्या वामींना हाड असतं का. मला खात्री आहे, असतं. पण बघितल्याशिवाय लिहिणार नाही.

आणि तुमचं हाड ठीक आहे हे मावशी म्हणतात, डॉक्टर म्हणतात. मी बघितलेलं नाही. मी कोणाच्या शब्दावर जाणं आता सोडलंय.

क्षिप्रा


खडवली
२८ डिसेंबर २०२४

क्षिप्रा,

डबी पोचली. गोदूने उघडून दोन्ही बाजू हुंगून बघितल्या आणि मगच माझ्या हातात दिली.

जास्त बोलवत नाही, लिहवतं. पण आज लिहायलाही फार नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. सांगायला हवं होतं, बरोबर आहे तुझं. पुढच्या वेळी सांगीन. पुढची वेळ येऊ नये.

पोपटकडे एक लांब पाकीट दिलंय, मेथीच्या जुडीत खोचून. दुमडू देऊ नकोस. चिठ्ठीशिवाय नमुना पाठवत नाही म्हणून चिठ्ठी.

नमुना नंबर वीस. जबड्याचा एक्स-रे, एक नग. घेतल्याची तारीख तीन ऑक्टोबर, ठिकाण ठाणे. नमुन्याचं वय सहासष्ट, लांबी पाच फूट चार इंच. फॉर्मलिनमध्ये ठेवलेला नाही. तुझ्या भिंगाखाली नीट बघ, डावीकडचं खालचं हाड विशेष. कुठे काही दिसलं तर कळव, नाही दिसलं तरी कळव.

बघून झाल्यावर पोपटबरोबर परत पाठव. मार्चमध्ये डॉक्टरला दाखवायचा आहे.

विश्राममामा